ईजीपीयू बॉक्सचा पावर सप्लाय बदलायचाय? आधी मोजपट्टी काढा, मग पाकीट

माझा लॅपटॉप बारका आणि काम मोठं. आमच्या गोव्यात फोंड्याकडे जत्रा सुरू झाल्या की देवळापुढच्या मांडवात गावातलीच माणसं नाटक उभं करतात, साडेतीन तास सहज चालतं, आणि त्याचं शूटिंग-एडिटिंग गेली काही वर्षं माझ्याच गळ्यात आहे. म्हणून लॅपटॉपला थंडरबोल्ट केबलने जोडायचा एक बॉक्स घेतला, ज्यात डेस्कटॉपचं ग्राफिक्स कार्ड बसतं, त्याला लोक ईजीपीयू बॉक्स म्हणतात. पहिली काही वर्षं त्यात जीटीएक्स १६६० सुपर होतं, एकदम गुणी कार्ड, कधी तक्रार नाही. मग सेकंडहँडमधे आरटीएक्स ३०७० बरं मिळालं म्हणून ते बसवलं आणि तिथून रामायण सुरू झालं. दुसऱ्या अंकाचा एक्स्पोर्ट लावून झोपायचं आणि सकाळी बघावं तर स्क्रीन काळी, फाईल अर्धवट.

शेवटी बॉक्सचा पावर सप्लाय, म्हणजे पीएसयू, बदलला आणि प्रश्न मिटला, पण त्याच्या आधी दोन चुका केल्या आणि तिसरी करता करता वाचलो. पहिल्यांदा हे काम करणाऱ्यांसाठी सगळं सविस्तर लिहितोय. स्क्रूड्रायव्हर धरता येत असेल तर जमेल. फक्त घाई करायची नाही.

आधी दोष पीएसयूचाच आहे का ते बघा

कार्ड मधेच गायब झालं की सगळे पावर सप्लायवर बोट ठेवतात, पण केबल, ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर), तापमान यातलं काहीही असू शकतं. थंडरबोल्टची केबल आणि साधी चार्जिंगची टाईप-सी केबल दिसायला जुळ्या बहिणी, म्हणून बॉक्सबरोबर आलेली आखूड केबलच लावून बघा.

मग पुढच्या वेळी बंद पडलं की लॅपटॉपवर चार्जिंगचं चिन्ह आहे का ते बघा. बऱ्याच बॉक्समधून त्याच केबलने लॅपटॉप चार्ज होत असतो, त्यामुळे स्क्रीन काळी झाली पण चार्जिंग चालू आहे, बॉक्सचा लाईट चालू आहे, तर गडबड ड्रायव्हर किंवा कार्डाकडे असायची शक्यता जास्त. चार्जिंगही गेलं, लाईटही गेला, पंखा गपकन थांबला, तर पीएसयूने स्वतःहून हात वर केलेत. माझ्याकडे हेच होत होतं आणि मी मूर्खासारखा चार दिवस ड्रायव्हर काढघाल करत बसलो. ती माझी पहिली चूक.

आणखी एक फुकटातली टेस्ट. आफ्टरबर्नरसारख्या सॉफ्टवेअरमधे पावर लिमिटचा स्लायडर असतो, तो ६०-७० टक्क्यांवर आणा आणि तेच काम परत लावा. आता रात्रभर सुरळीत चाललं तर संशय पक्का. खरं तर थोडा हळू एक्स्पोर्ट चालणार असेल तर तिथेच थांबा की, पैसे वाचले. मी दोन नाटकं अशीच काढली.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. मोठा पीएसयू टाकल्याने कार्ड फास्ट होत नाही. थंडरबोल्ट ३ मधून कार्डाला पीसीआयईच्या, म्हणजे कार्डाच्या डेटाच्या रस्त्याच्या, चारच लेन मिळतात, त्या तेवढ्याच राहणार. लॅपटॉपचं चार्जिंगही वाढत नाही, ते बॉक्सच्या बोर्डावर ठरलेलं असतं. आणि नवीन एम सीरिजच्या मॅकवाल्यांनी इथपर्यंत वाचलं असेल तर सॉरी, ॲपलचा ईजीपीयू सपोर्ट इंटेलवाल्या मॅकपुरताच आहे.

हिशोब

कार्ड दोन वाटांनी वीज खातं. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॉट, बाकी वरून लावलेल्या केबलमधून, त्यात ६ पिनची केबल ७५ ची आणि ८ पिनची १५० ची धरतात. माझं जुनं कार्ड १२५ वॉटचं, ३०७० हे २२० वॉटचं. त्यात लॅपटॉप चार्जिंगचे ६० मिळवा, बॉक्सचा बोर्ड, पंखा, यूएसबी वगैरेला २० धरा, झाले ३००. माझ्या बॉक्सचा पीएसयू ४०० चा. म्हणजे पुरायला हवा ना? मीपण तेच म्हणत होतो.

इथे दोन गोष्टी असतात. पीएसयूच्या बाजूला जे स्टिकर असतं त्यावर ४०० हा आकडा मोठ्या अक्षरात असतो, पण तो सगळ्या व्होल्टेजची बेरीज करून. कार्डाला लागतं १२ व्होल्ट, त्यामुळे १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते बघायचं आणि गुणायचं. माझ्यावर २८ होते, म्हणजे ३३६ वॉट. झाली ना हवा कमी? दुसरं म्हणजे कार्डाचे २२० वॉट ही सरासरी झाली. या पिढीची कार्डं मधेच काही मिलिसेकंदांपुरती त्याच्या कितीतरी वर उडी मारतात, आणि त्या उडीला पीएसयूचं प्रोटेक्शन शॉर्ट समजून बंद पडतं. २०२२ मधे एटीएक्स ३.० नावाचं स्पेसिफिकेशन आलं त्यात म्हणूनच मोठ्या पीएसयूने आपल्या रेटिंगच्या दुप्पट झटका १०० मायक्रोसेकंद तरी सोसायला हवा अशी अट घातलीय.

मी काय करतो, बेरजेच्या दीडपट ते पावणेदोनपट पीएसयू धरतो. ३०० ला ४५० ते ५२५, म्हणजे ४५० किंवा ५५० चा. कार्डवाली कंपनी एनव्हिडिया ३०७० ला ६५० सांगते, पण तो अख्ख्या डेस्कटॉपचा हिशोब आहे, बॉक्समधे सीपीयू नसतो. दुकानदार ८५० गळ्यात मारायला बघेल, हसून नको म्हणा.

आता मोजपट्टी

ही माझी दुसरी चूक. वॉट बघून पीएसयू मागवला आणि तो बॉक्समधे जाईचना. साधा डेस्कटॉपचा एटीएक्स पीएसयू १५० मिमी रुंद, ८६ उंच, आणि लांबी १४० पासून पुढे कितीही. मोठ्या बॉक्समधे हा बसतो. मधल्या बॉक्समधे एसएफएक्स असतो, १२५ बाय ६३.५ बाय १००. त्याचाच लांब भाऊ एसएफएक्स-एल, तो १३० लांब, आणि त्या ३० मिलिमीटरनेच माझा घात केला कारण नेमकं तिथे कार्डाचं मागचं टोक येतं. चपट्या बॉक्समधे फ्लेक्स असतो, साधारण ८१.५ बाय ४०.५ बाय १५०. आणि काही छोट्या बॉक्समधे आत पीएसयूच नसतो, लॅपटॉपसारखा बाहेरून अडॅप्टर येतो, त्यांच्यासाठी हा लेख नाहीच.

तर झाकण उघडा, कार्ड बसलेलं असतानाच पीएसयूची रुंदी, उंची, लांबी मोजा, पुढे केबल वळायला किती जागा उरते तीपण मोजा, आणि मागच्या चार स्क्रूंच्या जागेचा सरळ समोरून फोटो काढा. पंखा कुठल्या तोंडाला आहे तेही टिपून ठेवा.

कुठली केबल कुठे जाते

पीएसयूमधून निघणारी प्रत्येक वायर बोटाने धरून शेवटपर्यंत जा. दोन-तीन प्रकार दिसतील.

कार्डाकडे जाणारी ८ पिनची केबल, टोकाला ६ आणि २ असे दोन तुकडे. ही पीसीआयईची. नवीन पीएसयूमधे अगदी तशाच दिसणाऱ्या पण ४ आणि ४ तुकड्यांच्या केबलही येतात, त्या सीपीयूच्या. दोन्हींमधे १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या बाजू उलट्या आहेत. प्लॅस्टिकचे खाचे वेगळे असतात म्हणून सहसा जात नाही, आणि जात नाही म्हटल्यावर जोर लावणारे महाभाग असतातच. जोर लावायचा नाही. कार्डाला ८ पिनची दोन तोंडं असतील तर दोन वेगळ्या केबल वापरा, एकाच केबलला दोन शेपट्या असतात त्यावर भागवू नका.

मग बॉक्सच्या बोर्डाकडे जाणारी. ती साधी २४ पिनची असेल तर तुमचं नशीब जोरात, नवीन पीएसयूची २४ पिन तिथे लावली की बटण, ऑन-ऑफ सगळं बोर्ड सांभाळतो. पण काही बॉक्समधे बोर्डाला फक्त ६ किंवा ८ पिन जाते आणि २४ पिन कुठे दिसतच नाही. अशा वेळी नवीन पीएसयू भिंतीचं बटण दाबूनही मख्ख बसून राहतो आणि लोक तो खराब म्हणून परत करतात. तो खराब नसतो, त्याला चालू हो म्हणून कोणी सांगितलेलंच नसतं. २४ पिनमधली १६ नंबरची पिन ग्राउंडला जोडली की पीएसयू चालू होतो. जुन्या केबलमधे ती एकुलती एक हिरवी वायर असायची, आता सगळ्या काळ्या, म्हणून क्लिप असलेल्या रांगेत १३ पासून मोजत चौथी. तिच्या दोन्ही बाजूंना ग्राउंडच आहे. यासाठी तयार जंपर प्लग मिळतो, २४ पिनचं टोपण असतं फक्त, तेच घ्या. यूपिन वाकवून घालणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत, टेबलावर दोन मिनिटं टेस्ट करायला ठीक, कायमचं बॉक्समधे कोंबून ठेवायला नाही.

आणि बोर्डाकडे जाणारा प्लग कुठेच न बघितलेला, कंपनीचा स्वतःचा असेल तर तिथेच थांबा. वायर कापून जोडाजोडी नवशिक्याने करू नये.

खरेदी

पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा, कुठेही जा, एटीएक्स दुकानात मिळतो. एसएफएक्स म्हटलं की आमचा दुकानदार मान हलवतो, "आतां ना, मागोवचें पडटलें." मग मागवा, आठवडा थांबा, पण आहे तो घ्या आणि अँगल ठोकून बसवा या सल्ल्याला बळी पडू नका. वीज किती कमी वाया जाते याचं ८० प्लस नावाचं रेटिंग असतं, त्यातला ब्राँझ चालतो. गोल्ड घेतला तर उष्णता जरा कमी आणि आपल्या दमट हवेत बंद डब्यातली उष्णता कमी झालेली बरी, म्हणून मी ५५० चा गोल्ड एसएफएक्स घेतला. बॉक्स वॉरंटीत असेल तर आधी कंपनीला मेल टाका, पीएसयू खराब म्हणून तेच बदलून देतील कदाचित.

प्रत्यक्ष बदली

लॅपटॉप बंद, थंडरबोल्ट केबल काढली, भिंतीचं बटण बंद, मागची पावर कॉर्ड उपटली. बटण बंद करून कॉर्ड तशीच ठेवायची नाही, आपल्याकडच्या जुन्या वायरिंगमधे फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले कमी नाहीत. मग बॉक्सचं बटण पाच-सात सेकंद दाबून धरा आणि चहा करून या. पीएसयूच्या आत तीनशे व्होल्टच्या वर धरून ठेवणारे कपॅसिटर असतात, ते प्लग काढल्यावरही भरलेले राहू शकतात. म्हणून जुना असो नाहीतर नवा, पीएसयूचं पत्र्याचं खोकं उघडायचं नाही, पंख्यातली धूळ काढायची म्हणूनसुद्धा नाही.

पहिलं कार्ड काढा. स्लॉटच्या टोकाला बारीक कुलूप असतं ते दाबल्याशिवाय ओढू नका. कार्डाला हात लावायच्या आधी बॉक्सच्या उघड्या पत्र्याला हात लावा. जून-जुलैमधे आपल्याकडे हवेतच इतकं पाणी असतं की स्टॅटिकची भीती कमी, पण सवय असू द्या.

मग पीएसयूचे मागचे चार स्क्रू. मी स्क्रू करवंटीत ठेवतो, गोल असल्यामुळे कोपऱ्यात अडकत नाहीत आणि आईच्या पायाखाली येत नाहीत. केबल काढताना क्लिप दाबून प्लगला धरून ओढा, वायरला धरून नाही.

माझा जुना पीएसयू बाहेर आला तेव्हा त्याच्या मागे, बोर्डाला चिकटून, पालीचं अंडं होतं. पांढरंशुभ्र, वाटाण्याएवढं, आणि बाजूला तिची घाण. उबदार जागा, बारीक भोकं, पालीला आणखी काय पाहिजे. गोव्यात राहत असाल तर झाकण उघडलंच आहे तर मुंग्या, कोळ्याची जाळी, पालीचं सामान सगळं ब्रशने साफ करा आणि स्लॉटच्या, प्लगच्या पिना उजेडात नीट बघा. समुद्राजवळ घर असेल तर पिनांवर हिरवट पावडर दिसते, ती आयसोप्रोपाईल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने जाते. खोल गेली असेल तर मात्र पीएसयू बदलून फार उपयोग व्हायचा नाही.

आता ती वाचलेली चूक. दोन्ही पीएसयू मोड्युलर, म्हणजे केबल पीएसयूच्या बाजूनेही निघतात. जुनी कार्डाची केबल बॉक्समधे छान वळवून बांधलेली होती, मी म्हटलं तीच राहू दे, फक्त पीएसयूकडचं टोक नव्यात घालू. टोक अगदी टक्क करून बसलं. आणि काय बुद्धी झाली देव जाणे, कार्ड लावायच्या आधी मल्टिमीटर लावला, तर जिथे ग्राउंड यायला हवं तिथे १२ व्होल्ट. पीएसयूच्या बाजूच्या पिनांना कुठलंही स्टँडर्ड नाही, प्रत्येक कंपनीचं आपलं आपलं, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचंही जुळत नाही. तो प्लग कार्डाला लावला असता तर कार्ड गेलं असतं आणि मी आज नाटक पेनने लिहून काढत बसलो असतो. जुन्या पीएसयूची एकही केबल नव्याला लावायची नाही, म्हणजे नाही.

म्हणून नवीन पीएसयू बॉक्समधे घालण्याआधी टेबलावर त्याच्याच केबल आणि जंपर लावून चालू करा आणि मोजा. चार पिनच्या मोठ्या मोलेक्स प्लगवर सोपं पडतं, काळ्या वायरवर काळा प्रोब, पिवळ्यावर लाल, ११.४ ते १२.६ च्या मधे यायला हवं. लाल वायरवर ४.७५ ते ५.२५. वायरी सगळ्या काळ्या असतील तर कडेच्या एका पिनवर १२ आणि दुसऱ्या कडेच्या पिनवर ५, मधल्या दोन ग्राउंड. मग कार्डाच्या ८ पिनमधे क्लिपच्या उलट बाजूच्या तीन पिनांवर १२ येतात का बघा. लोडशिवाय पंखा फिरत नसेल तर घाबरू नका, बरेच नवीन पीएसयू गरम होईपर्यंत पंखा बंदच ठेवतात.

आकडे बरोबर आले की परत बंद करून, कॉर्ड काढून बॉक्समधे बसवा. पंख्याचं तोंड जाळीकडे. केबल वायरटायने बांधा, कार्डाच्या पंख्यात एकही टोक जाता कामा नये. कार्ड टक्क आवाज येईपर्यंत दाबून स्लॉटमधे, त्याचा स्क्रू आवळून, मग ८ पिन.

चालू करताना

पहिल्यांदा झाकण उघडंच ठेवा आणि लॅपटॉप न लावता बॉक्स चालू करून बघा. जंपर प्लगवाला असेल तर भिंतीचं बटण हेच आता तुमचं बटण. जळका वास, कटकट आवाज, काही नाही ना? मग लॅपटॉप लावा, कार्ड दिसलं की पावर लिमिट १०० वर नेऊन अर्धा तास खरं काम द्या. मी दुसऱ्या अंकाचा तोच एक्स्पोर्ट लावला, जो सहा वेळा मेला होता, आणि समोर खुर्ची टाकून बसलो. अर्ध्या तासाने बंद करून कॉर्ड काढली आणि कार्डाच्या ८ पिनच्या प्लगला बोट लावलं. कोमट चालतो, चटका बसत असेल तर प्लग नीट बसलेला नाही.

भिंतीकडेही बघा

पीएसयू नवीन आणि घर आजोबांचं, चिऱ्यांचं, असं असेल तर अर्थिंग तपासून घ्या. ओल्या लादीवर अनवाणी उभं राहून बॉक्सच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात? बहुतेक वेळा पीएसयू बिघडलेला नसतो. त्याच्या फिल्टरमधून थोडा करंट अर्थकडे जायची वाट शोधत असतो आणि भिंतीत अर्थच नसल्यामुळे तो तुमच्यातून जातो. आमच्या सॉकेटमधे तिसऱ्या भोकाला वायरच नव्हती, नुसतं शोभेचं भोक. हे काम स्वतः करू नका, इलेक्ट्रिशनला बोलवा. आमच्या इलेक्ट्रिशन काकांनी नवीन पिट खणून कोळसा-मीठ घालून दिलं आणि सांगून गेले की एप्रिल-मेमधे चिऱ्याची जमीन कोरडी पडते, तेव्हा त्यात अधूनमधून कळशीभर पाणी ओत.

यूपीएस असेल तर त्यावरचा व्हीए आकडा म्हणजे वॉट नव्हे. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॉट देतो, लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे पण बॉक्सला नाही, त्यामुळे यूपीएस कमी पडला तर लाईट गेल्यावर एक्स्पोर्ट मरतोच. मे महिन्यात संध्याकाळी गडगडायला लागलं, नाहीतर चवथीनंतर परतीचा पाऊस आला की कॉर्ड भिंतीतून काढायची, आणि लॅपटॉपला राऊटरची लॅन केबल असेल तर तीपण. वीज तिकडूनही येते.

जुना पीएसयू चालू असेल तर टाकू नका, टेस्टिंगला कामाचा आहे. त्याच्या सगळ्या केबल त्याच्याबरोबर एकाच पिशवीत घाला, पिशवीला गाठ मारा आणि वर मार्करने मोठ्ठं लिहा की या केबल याच पीएसयूच्या. माझ्या पिशवीवर लिहिलंय, तरी परवा भावाने त्यातलीच एक उचलली होती.